पक्षी धडकून विमान पडतं कसं, आणि इंजिनाला जाळी का लावत नाहीत?

घाटकोपरच्या एका ताईंनी तीन प्रश्न विचारले आहेत. २० मे २०२४ च्या रात्री त्यांच्या भागात, लक्ष्मीनगर-पंतनगरच्या बाजूला, आकाशातून फ्लेमिंगो पडले. सकाळी रस्त्यावर विखुरलेले ते गुलाबी पंख त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांचे प्रश्न असे: एवढं अवजड विमान एवढ्याशा पक्ष्यामुळे कसं पडतं? इंजिनाच्या तोंडाला जाळी का बसवत नाहीत? आणि विमानतळाजवळचे पक्षी सरळ मारून का टाकत नाहीत?

मी सव्वीस वर्षं वेगवेगळ्या विमानतळांवर एअरसाइड सेफ्टीचं, म्हणजे धावपट्टीकडच्या भागाच्या सुरक्षेचं काम केलं. त्यातली बरीच वर्षं पहाटे जीप घेऊन धावपट्टी तपासण्यात आणि पक्षी हुसकण्यात गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी त्या रात्रीचं सांगतो. दुबईहून येणारं एमिरेट्सचं विमान मुंबईत उतरायच्या शेवटच्या टप्प्यात होतं, तेव्हा फ्लेमिंगोंचा थवा त्याच्या वाटेत आला. जवळपास ४० पक्षी मेले. विमान व्यवस्थित उतरलं, प्रवाशांना इजा झाली नाही, पण विमानाचं इतकं नुकसान झालं होतं की त्याची परतीची फेरी रद्द करावी लागली. आमच्या भाषेत हा ‘बर्ड हिट’. बर्ड हिट आपल्या देशात रोज कुठे ना कुठे होतो. बहुतेक वेळा नाकावर रक्ताचा डाग, पंखाच्या कडेला छोटा पोचा, एवढंच सापडतं. अपघात फार क्वचित होतो. धडक आणि अपघात यांत फरक कशामुळे पडतो, हे कळलं की तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

वजनापासून सुरुवात करू. आपण पक्षी हातात धरून बघितल्यासारखं त्याचं वजन बघतो, आणि विमानाचा वेग हिशेबात घ्यायला विसरतो. घार साधारण पाऊण-एक किलोची. टेकऑफच्या वेळी विमान ताशी २७५-२८० किलोमीटरने पळत असतं. त्या वेगाला ८०० ग्रॅमची घार धडकली तर तिच्या दणक्यात जी ऊर्जा असते, ती ५० किलोची सिमेंटची गोणी पाच मीटरवरून खाली टाकल्याइतकी. विमान वर चढून वेग ताशी ४६० च्या आसपास गेला की तीच गोणी साडेतेरा मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून टाकल्यासारखी होते. वेग दुप्पट झाला की दणका चौपट होतो. आणि हा सगळा मार बसतो दोन तळहातांएवढ्या जागेवर.

विमान बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. मोठ्या प्रवासी विमानाची समोरची काच सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसेल अशीच असावी लागते. इंजिनांची चाचणी तर प्रत्यक्ष मेलेले पक्षी वायूच्या तोफेतून चालू इंजिनात डागून करतात. बघायला वाईट वाटतं, पण दुसरा इतका खात्रीचा मार्ग नाही. त्या चाचणीचा नियम नीट समजून घ्या. मध्यम आकाराचे काही पक्षी एकदम आत गेले तरी इंजिनाने आपला पाऊण जोर देत राहिलं पाहिजे. एखादा मोठा पक्षी गेला तर इंजिन बंद पडलं तरी चालेल. मात्र ते आटोक्याबाहेर पेटता कामा नये, त्याचे तुकडे कवच फोडून बाहेर येता कामा नयेत, आणि वैमानिकाला ते सुरक्षित बंद करता आलं पाहिजे. म्हणजे एक इंजिन जाऊ शकतं हे नियमानेच धरलेलं आहे. म्हणून तर दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर चढू शकेल असंच बांधतात, आणि वैमानिकांकडून सिम्युलेटरमध्ये तो सराव पुन्हा पुन्हा करून घेतात.

इंजिनात नेमकं काय होतं तेही सांगतो. समोर दिसतो तो मोठा पंखा. त्याने ओढलेली बरीचशी हवा गाभ्याला वळसा घालून मागे निघून जाते, थोडीच हवा मधल्या गाभ्यात शिरते. पक्षी पंख्याच्या बाहेरच्या भागात सापडला तर त्याचे तुकडे होऊन मागे फेकले जातात. पाती वाकतात, इंजिन थरथरतं, पण बहुधा चालत राहतं. तोच पक्षी मधोमध गेला तर गाभ्यातली नाजूक पाती मोडतात, हवेचा प्रवाह तुटतो, तोफ उडाल्यासारखे आवाज येतात आणि मागून ज्वाळा दिसतात. केबिनमध्ये जळक्या मांसाचा वास येतो. प्रवासी घाबरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता दोन घटना शेजारी शेजारी ठेवतो. २९ नोव्हेंबर १९७३ रोजी आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानवर ३७,००० फूट उंचीवर एका प्रवासी विमानाला रूपेल जातीचं गिधाड धडकलं. काही किलो वजनाचा हा पक्षी. एक इंजिन बंद करावं लागलं, विमान सुखरूप उतरलं. दुसरी घटना ४ ऑक्टोबर १९६० ची, बोस्टनची. ईस्टर्न एअरलाइन्सचं चार इंजिनांचं इलेक्ट्रा विमान उडालं आणि लगेच स्टार्लिंगच्या थव्यात शिरलं. स्टार्लिंग म्हणजे आपल्याकडच्या भोरड्यांच्या कुळातला पक्षी, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. चारपैकी तीन इंजिनांत पक्षी गेले. एक बंद करावं लागलं, दोघांचा जोर ऐन चढताना काही क्षण गेला, विमान डावीकडे झुकलं आणि विन्थ्रॉपच्या खाडीत कोसळलं. ७२ पैकी ६२ माणसं गेली. पक्ष्यांच्या धडकेमुळे झालेला इतका प्राणघातक अपघात त्याआधी झाला नव्हता. इंजिनांच्या पक्षी-चाचण्यांचे नियम त्यानंतर आले.

एक गिधाड आणि मूठभर वजनाचे अनेक पक्षी, यांत घातक कोण ठरलं ते बघा. एकटा पक्षी एक इंजिन घेतो. थवा सगळी इंजिनं घेतो. १९८८ च्या १५ सप्टेंबरला इथिओपियातल्या बहिर दार इथे बोईंग ७३७ ने जमीन सोडता सोडता पारव्यांचा थवा दोन्ही इंजिनांत घेतला. परत फिरताना दोन्ही इंजिनं गेली आणि १०४ पैकी ३५ जण दगावले. १९९५ च्या २२ सप्टेंबरला अलास्कातल्या एल्मेनडॉर्फ तळावर अमेरिकी हवाई दलाच्या अवाक्स (रडारने टेहळणी करणाऱ्या) विमानाच्या डाव्या बाजूच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूज जातीचे रानहंस गेले. विमानातले चोवीसच्या चोवीस जण मेले. या दुसऱ्या अपघाताचा मी प्रशिक्षणात नेहमी उल्लेख करायचो, कारण ते हंस काही अचानक उगवले नव्हते. दोनच मिनिटं आधी गेलेल्या विमानाने त्यांना गवतातून उठवलं होतं. आधीच्या विमानाने उठवलेला थवा मागच्या विमानाच्या वाट्याला येतो, आणि म्हणून टॉवरमध्ये बसलेल्या माणसाने दिसलेला थवा ताबडतोब सांगायला हवा. थवा आहे की नाही अशी शंका असली तरी सांगावं.

हडसन नदीवरची घटना बहुतेकांना माहीत आहे. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्कचा लाग्वार्डिया विमानतळ, एअरबस ए३२०. सुमारे २,८०० फुटांवर कॅनडा गूजचा थवा आला आणि दोन्ही इंजिनांचे गाभे मोडले. हे हंस साडेतीन-साडेतीन किलोंचे, आणि त्या इंजिनाची मोठ्या पक्ष्याची चाचणी झाली होती १.८ किलोच्या आसपासच्या पक्ष्याने. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्या हातात धडकेपासून पाण्यावर टेकेपर्यंत साडेतीन मिनिटं होती. १५५ च्या १५५ जण वाचले. त्या दिवशी कॅप्टनने आणीबाणीच्या सूचनांच्या यादीतला क्रम येण्याची वाट न बघता मागचं छोटं सहाय्यक इंजिन लगेच सुरू केलं, त्यामुळे वीज आणि नियंत्रणं शाबूत राहिली. पुढे चौकशीत सिम्युलेटरवर करून बघितलं. धडक बसताक्षणी वळलं असतं तर धावपट्टी गाठता आली असती; परिस्थिती समजून घ्यायला ३५ सेकंद धरली की गाठता येत नव्हती. माणसाला विचार करायला ३५ सेकंद लागणारच. नदी निवडण्याचा निर्णय बरोबर होता, असं मला मनापासून वाटतं.

मॉस्कोजवळच्या झुकोव्स्कीला १५ ऑगस्ट २०१९ रोजी असंच घडलं. उरल एअरलाइन्सच्या ए३२१ च्या दोन्ही इंजिनांत कुरव पक्षी गेले. कॅप्टन दामिर युसुपोव्ह यांनी चाकं न काढता विमान मक्याच्या शेतात उतरवलं, २३३ जण वाचले.

या सगळ्यात एक बारकावा आहे, तो बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. उतरायला अगदी खाली आलेल्या विमानासमोर थवा आला तर माणसाची पहिली ऊर्मी असते वर उचलायची, म्हणजे गो-अराउंड घ्यायची. तीच बरेचदा चुकीची ठरते. गो-अराउंडसाठी इंजिनं पूर्ण जोरात फिरवावी लागतात, आणि पूर्ण जोरात फिरणाऱ्या इंजिनात पक्षी गेला तर नुकसान जास्त. शिवाय त्याच क्षणी विमानाला जोराची सगळ्यात जास्त गरज असते. उतरताना मात्र इंजिनं मंद असतात आणि धावपट्टी समोरच असते. १५ जुलै १९९६ ला आइंडहोव्हनला बेल्जियन हवाई दलाचं सी-१३० हर्क्युलस पक्ष्यांचा थवा टाळण्यासाठी उतरता उतरता पुन्हा वर उचललं गेलं, त्यात इंजिनं गेली आणि विमान धावपट्टीशेजारी कोसळलं. लष्करी बँडची मुलं त्यात होती. आत इतकी माणसं आहेत हे अग्निशमनवाल्यांना वेळेत कळलं नाही. ३४ जण गेले. त्याउलट रोमच्या चांपिनोला १० नोव्हेंबर २००८ रोजी रायनएअरच्या विमानाने अगदी जमिनीजवळ गो-अराउंडचा प्रयत्न केला, दोन्ही इंजिनं गुदमरली, पण ते धावपट्टीवरच आदळलं म्हणून सगळे वाचले. आज बहुतेक प्रशिक्षणात हेच सांगतात: विमान उतरण्याच्या स्थितीत असेल तर उतरा.

२९ डिसेंबर २०२४ चा मुआनचा अपघात या पार्श्वभूमीवर बघावा लागतो. दक्षिण कोरियातलं जेजू एअरचं बोईंग ७३७-८००. टॉवरने पक्ष्यांचा इशारा दिला, पाठोपाठ वैमानिकांनी मेडे, म्हणजे संकटाची हाक दिली, विमान वर उचललं गेलं, मग उलट्या दिशेने चाकं न काढता धावपट्टीवर पोटावर टेकलं, घसरत गेलं आणि टोकापलीकडच्या काँक्रीट बसवलेल्या भरावावर आदळलं. तिथे दिशादर्शक अँटेना उभ्या होत्या. १८१ पैकी १७९ जण मेले. दोन्ही इंजिनांत बैकल टील या स्थलांतरित बदकांची पिसं आणि रक्त सापडलं. पक्ष्यांनी संकट सुरू केलं हे खरं. पण पोटावर घसरणारं विमान मोकळ्या जागेत थांबू शकतं, काँक्रीटवर आदळलं की थांबत नाही, फुटतं. अशा ठिकाणी सहज मोडून पडेल असंच बांधकाम असावं, हे आमच्या क्षेत्रात फार जुनं तत्त्व आहे. त्या १७९ माणसांचा हिशेब एकट्या बदकांच्या नावावर टाकणं मला पटत नाही.

लढाऊ विमानांचं गणित वेगळं. ती खालून आणि वेगाने उडतात, आणि एक इंजिन असलं तर एक पक्षीही पुरतो. गोव्यात १६ नोव्हेंबर २०१९ ला दाबोळीहून उडालेलं नौदलाचं मिग-२९के प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या थव्यात शिरलं. एक इंजिन विझलं, दुसऱ्याला आग लागली. दोन्ही वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर नेलं आणि मगच बाहेर उडी घेतली, दोघेही वाचले. त्याच वर्षी जूनमध्ये अंबाल्याला जग्वारच्या वैमानिकाने इंधनाच्या जादा टाक्या खाली टाकून विमान हलकं केलं आणि सुखरूप परत आणलं. आपल्या हवाई दलाला पूर्वी गिधाडांची मोठी धास्ती असायची. मग गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं जवळजवळ संपली. आकाश काही मोकळं झालं नाही. गिधाडं खायची ते मांस आता घारी, कावळे आणि भटकी कुत्री खातात.

आता जाळीचा प्रश्न. हा प्रश्न मला शाळकरी मुलांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे, आणि प्रश्न रास्त आहे. सिमेंटच्या गोणीचा तो दणका थोपवायचा तर जाळी जाड पोलादी सळ्यांची हवी. ती इंजिनाची हवा अडवणार, तिचं वजन विमानाने आयुष्यभर वाहायचं. ढगातून जाताना तिच्यावर बर्फ साचणार आणि इंजिनाचं तोंडच बंद होणार. आणि जाळी तुटलीच तर पक्ष्यापाठोपाठ लोखंड इंजिनात जाणार, जे कोणत्याही पक्ष्यापेक्षा वाईट. हेलिकॉप्टरच्या इंजिनांना धूळ-कचरा अडवणाऱ्या व्यवस्था असतात, पण त्यांचे वेग कमी असतात आणि हवेचं तोंड लहान. मोठ्या जेटला ते लागू पडत नाही.

मारून टाकण्याबद्दल बोलू. कायद्याची अडचण आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग होत नाही. हडसनच्या घटनेनंतर न्यूयॉर्कच्या आसपासचे बरेच हंस मारले गेले. इकडे स्मिथसोनियन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इंजिनातल्या पिसांची तपासणी केली तेव्हा निघालं की ते हंस न्यूयॉर्कचे रहिवासी नव्हतेच, उत्तरेकडून, लॅब्राडोरच्या बाजूने आलेले स्थलांतरित होते. आपल्याकडे घारी मारल्या तर आठ-पंधरा दिवसांत दुसऱ्या घारी तीच जागा घेतात, कारण त्यांना बोलावणारं अन्न तिथेच असतं. आणि बंदुकीच्या आवाजाने उठलेला थवा कोणत्या दिशेला जाईल यावर कुणाचा ताबा नसतो.

म्हणून आमचं खरं काम असतं पक्ष्याला तिथे यावंसंच वाटू नये याची व्यवस्था करण्याचं. विमानतळ म्हणजे पक्ष्यांच्या नजरेतून बघितलं तर शहरातलं सर्वात मोठं मोकळं माळरान. माणसं नाहीत, कुत्री कमी, दूरवरचं दिसतं. टिटवीला तर याहून चांगली जागा मिळणार नाही. ती घरटं बांधत नाही, खडीवरच चार अंडी घालते, आणि ती खड्यांच्या रंगाचीच असतात. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जोरात, असं माझी आजी सांगायची. मी मात्र मार्चच्या आधी धावपट्टीच्या कडेचे खडीचे तुकडे सपाट करून दाबून घ्यायचो, म्हणजे तिने अंडी घातलीच नाहीत तर बरं. एकदा अंडी घातली की ती जागा सोडत नाही. विमान आलं तरी ती पळत नाही, ओरडत त्याच्यावर झेपावते.

रात्री रातवे धावपट्टीच्या गरम डांबरावर किडे टिपत बसतात. गव्हाणी घुबडं उंदरांमागे येतात. पण वर्षातले सर्वात कठीण दिवस म्हणजे पहिला पाऊस. वाळवीला पंख फुटतात, दिव्यांभोवती ढग जमतो, आणि दुसऱ्या दिवशी गायबगळे, घारी, कोतवाल, भिंगऱ्या सगळे हजर. गांडुळं पाण्यातून वाचायला धावपट्टीवर चढतात, त्यांच्यामागे आणखी पक्षी. एका वर्षी जूनच्या अशाच एका सकाळी मी दोन तासांत तीन वेळा धावपट्टी थांबवायला सांगितली होती. वरिष्ठांनी उशिरांचा जाब विचारला. आजही मी तेच करीन.

गवताचीही अशीच गोष्ट. इंग्लंडमध्ये गवत १५ ते २० सेंटिमीटर ठेवतात, म्हणजे कुरवांसारख्या पक्ष्यांना त्यात बसणं आवडत नाही. आपल्या पावसात तेवढं गवत वाढू दिलं तर त्यात टोळ, उंदीर, साप वाढतात आणि शिकारी पक्षी येतात. एका देशाचा नियम दुसऱ्या देशात उचलून लावता येत नाही. प्रत्येक विमानतळाने आपले पक्षी वर्षभर मोजावेत आणि मग गवताची उंची ठरवावी. गवत कापणं विमानं कमी असतील तेव्हाच करावं, कारण यंत्र फिरलं की अर्ध्या तासात बगळे त्यामागे चालायला लागतात. कापलेलं गवत तिथे पडू देऊ नये.

झोन गन (गॅसवर चालणारी, नुसता मोठा आवाज करणारी तोफ), फटाके, भोंगे, चमकत्या पट्ट्या, पहाटेचे लेझर, हे सगळं आम्ही वापरतो. पण एकच आवाज रोज त्याच वेळी केला तर पक्षी आठवडाभरात ओळखतात की यात धोका नाही. मी घारीला झोन गनच्या नळीवर बसलेलं पाहिलं आहे. म्हणून जागा, वेळ आणि आवाज बदलत राहायचं. आणि विमान शेवटच्या टप्प्यात असताना काहीही वाजवायचं नाही, हा नियम मी प्रत्येक नव्या बर्ड चेझरला पहिल्याच दिवशी सांगत असे. बसलेला थवा बसलेलाच राहिला तर विमान त्याच्या वरून निघून जातं. उन्हातान्हात दिवसभर धावपट्टीच्या कडेला उभी राहणारी ही बहुतेक कंत्राटी मुलं. पगार तुटपुंजा, आणि त्यांच्या डोळ्यांवर शेकडो जीव. त्यांना नीट प्रशिक्षण आणि कायम नोकरी मिळायला हवी, हे मी प्रत्येक बैठकीत बोललो आहे.

पण कुंपणाच्या आत कितीही केलं तरी मधल्या दुपारी आकाशात गोल गोल फिरणाऱ्या घारींचं काय? जमीन तापली की गरम हवेवर त्या न हलता वर चढतात, हजार-दीड हजार फुटांवर. तिथे माझी झोन गन पोचत नाही. त्या घारी खाली कुठेतरी टाकलेल्या कोंबडीच्या आतड्यांमुळे तिथे असतात. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना ओढेल असा कचरा टाकायचा नाही, जनावरं कापायची-सोलायची नाहीत. दहा किलोमीटर हा आकडा अर्थपूर्ण आहे: उतरणारं विमान धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर साधारण १,७०० फुटांवर असतं, म्हणजे घारींच्या पट्ट्यात शिरलेलं किंवा शिरत असलेलं. आता मुंबईचा नकाशा घ्या आणि सांताक्रूझच्या धावपट्टीभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. कुर्ला, धारावी, घाटकोपर, पवई आणि १९२७ पासून चालत आलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंडसुद्धा त्या वर्तुळात येतं. नियमाचं पुस्तक आणि शहर यांच्यात इतकं अंतर आहे.

एका विमानतळावर असताना मी दंडाच्या नोटिसांवर खूप वेळ घालवला. कुंपणामागच्या नाल्यात रोज रात्री कोंबडीच्या दुकानांची पोती पडायची. नोटीस गेली की आठवडाभर बंद, मग पुन्हा सुरू. शेवटी एका दुकानदाराला दुपारी आत आणलं, जीपमध्ये बसवलं आणि आकाशातल्या घारी मोजायला लावल्या. त्याने साठपर्यंत मोजल्या. मग म्हणाला, "साहेब, पालिकेची गाडी चार-चार दिवस येत नाही. उन्हाळ्यात मी ते दुकानात ठेवू का?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही पालिकेच्या मागे लागून रोज रात्री फक्त मटण-चिकनच्या कचऱ्याची वेगळी गाडी सुरू करवली. दोन महिन्यांत घारी निम्म्याहून कमी झाल्या. पुढे ती गाडी बंद पडली, आणि घारी परत आल्या.

फ्लेमिंगोंचा प्रश्न वेगळा आहे, कारण ते कचऱ्यासाठी येत नाहीत. ते ठाणे खाडीतल्या चिखलातलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव खातात. ओहोटीला चिखल उघडा पडला की तिथे चरतात, भरती आली की पाणी चढतं आणि त्यांना उथळ, निवांत जागा लागते. नेरूळ-सीवूड्सकडची तळी आणि पाणथळ जागा त्यासाठीच आहेत. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. काही लोक म्हणतात, विमानतळ जवळ आहे तर ती तळी बुजवून टाका, पक्षी निघून जातील. माझा अनुभव याच्या उलट आहे. भरतीच्या वेळची बसायची ठरलेली जागा काढून घेतली तर पक्षी खाडी सोडून जात नाहीत, कारण अन्न तिथेच आहे. ते दुसरी मोकळी, सपाट, पाणी साचणारी जागा शोधतात, आणि अशी सर्वात मोठी जागा विमानतळच असते. ठरलेल्या जागा टिकल्या तर त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटा आणि वेळा ठरलेल्या राहतात. भरतीचं वेळापत्रक तर पंचांगातही असतं. ते विमानांच्या वेळांशी ताडून बघता येतं, पक्ष्यांच्या रडारवर थवे दिसतात, टॉवरला आधी सांगता येतं.

ताई, तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की आपण काय करू शकतो. तुमच्या भागात उघड्यावर मांसाचा किंवा मासळीचा कचरा पडत असेल तर पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला आणि विमानतळाच्या संचालकांना दोघांनाही लिहा. जागेची खूण, कचरा पडण्याची वेळ, सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान तिथे आकाशात साधारण किती घारी दिसतात तो आकडा, आणि दोन फोटो. नुसती तक्रार आली की फाईलमध्ये जाते. घारींचा आकडा आला की विमानतळावरचा माझ्यासारखा माणूस दुसऱ्या दिवशी जीप काढतो.